खारट वेगळी, चोपण वेगळी

आमचं रान नृसिंहवाडीपासून थोडं आत आहे. त्यातला ओढ्याकडचा पट्टा मला कळायला लागल्यापासून पांढरा पडत गेला. तिथं ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. आई त्या पट्ट्याबद्दल काही बोलायची नाही. तिकडून जाताना मान दुसरीकडे वळवायची, एवढंच.

मी तेव्हा कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मंगळवार पेठेत तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. रसायनशास्त्राच्या मॅडमनी प्रकल्पाचा विषय निवडायला सांगितला, तेव्हा कुणी साबण घेतला, कुणी दुधातली भेसळ. मी दोन दिवस काहीच घेतलं नाही. मग भीतभीत विचारलं, "मॅडम, आमच्या रानातली माती तपासली तर चालेल का?"

त्या लगेच हो म्हणाल्या. 'अल्कली सॉइल' हा शब्द मी आदल्या रात्री पाठ केला होता, तो म्हणायची वेळच आली नाही. मॅडमनी दिलेल्या मराठी पुस्तकात एक तक्ता होता. क्षारयुक्त जमीन, चोपण जमीन, क्षारयुक्त चोपण जमीन. चोपण हा शब्द आमच्या घरचा. तो छापलेला पाहून मी ते पान दोनदा वाचलं.

माझ्या मनात प्रकल्पापेक्षा वेगळंच होतं. तो पट्टा पुन्हा पिकेल का, हे मला शोधायचं होतं. वडील वारणानगरला नोकरीला असतात, रान आई एकटी बघते, आणि यंदा तो पट्टा पडच टाकायचा असं तिनं ठरवलं होतं. पण घरी मी यातलं काही बोलले नाही. उत्तर 'नाही' आलं तर, अशी भीती वाटायची. आईला एवढंच सांगितलं, "प्रोजेक्टला माती पाहिजे. त्यावर मार्क आहेत."

रविवारी त्या पट्ट्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, माती एकत्र केली, सावलीत वाळवली आणि पिशवीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. सोमवारी सकाळच्या एसटीनं पिशवी घेऊन कोल्हापूरला आले.

प्रयोगशाळेत माती नीट निघाली. नीट म्हणजे अगदीच नीट. सामू, म्हणजे पीएच, मध्यावर, क्षार नावाला. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, हिला काय झालंय? अशी माती मला कुंडीला आणून दे."

मी पिशवीतली उरलेली माती हातावर घेतली. मऊ, काळसर, एकसुद्धा खडा नाही. आमच्या पट्ट्यातली माती अशी कधीच नव्हती. बाहेर व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

"आई, पिशवीतली माती तू बदललीस?"

"व्हय. किती मार्क पडलं?"

"कुठली घातलीस?"

"नदीकडची मळी. पहाटं जाऊन आलतो. चाळून भरली, खडा सुदिक ठेवला न्हाय."

"पण का, आई?"

"का म्हंजे? वर तुज्या नावाची चिठ्ठी हुती की. तसली पांढरी माती घिऊन एवढ्या शिकल्याल्या लोकांम्होरं हुबं ऱ्हाणार हुतीस व्हय?"

मला रागवता आलं नाही. मार्कांचं तिला मीच सांगितलं होतं. तिथंच उभं राहून मग सगळं सांगून टाकलं. पट्टा पिकवता येतो का बघायचंय, म्हणून माती नेली होती. आई म्हणाली, "हे आदी सांगायचं हुतंस की गं."

मॅडमना सांगताना माझे कान तापले होते. त्या आधी हसल्या. मग वही पुढे ओढून निकालावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "पुन्हा आण. या वेळी आईंना बरोबर घेऊन खड्डे काढ."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पट्ट्यात उतरलो. माती बदलल्याचं ऐकून शेजारच्या रानातले आप्पा बांधावर येऊन बसले.

"कालेजात माती शिकवत्यात व्हय? मग आमी हयातभर हितं काय नापासच?"

"तुमी वर्गातच बसला न्हाईसा, आप्पा," आई खाली वाकूनच म्हणाली. "नापास कुठनं हुणार?"

मी वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची माती एका घमेल्यात ओतायला लागले, तसा आईनं माझा हात धरला. "ह्या दोन माती हायत की. एकात कशाला घालतीस?"

मला दोन्ही सारख्याच पांढरट दिसत होत्या. तिनं मला वर चालायला लावलं. पायाखाली मऊ पापुद्रा फुटत होता. "ही खारट. पांढरी फुटती, पण पानी मुरतं." मग ओढ्याजवळ नेऊन तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तिथंच उभं राहिलं, आणि बोटानं चोळल्यावर माती साबणासारखी सरकली. "ही चोपण. वाळली की कुदळ उडती." जाता जाता हेही म्हणाली, की पुराचा गाळ घरात आला की गाळच म्हणायचा, रानात बसला की त्याला मळी म्हणायचं. ते मी वहीत लिहून घेतलं. प्रकल्पात त्याचा उपयोग नव्हता.

आम्ही दोन पिशव्या भरल्या. चिठ्ठ्यांवर 'खारट' आणि 'चोपण' असं लिहिलं.

निकाल तसेच वेगवेगळे आले. एकत्र केली असती तर दोन्हीचं चुकलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. वरच्या अंगाला चर काढून नुसतं गोडं पाणी सोडलं तरी क्षार धुऊन जातील. खालच्या अंगाला जिप्सम लागेल, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून तो गाडावा लागेल आणि दोन-तीन वर्षं धीर धरावा लागेल.

अडचण आप्पांची होती. चर ओढ्याला मिळवायचा तर त्यांच्या बांधाखालून न्यावा लागणार होता.

"आनि माजी गाडी कुठनं जायाची?"

"पाइप घालून वर माती वढतो की," आई म्हणाली.

आप्पा हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. दोन दिवसांनी त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. त्यांचाही खालचा कोपरा पांढरा पडायला लागला होता. "ही बी बगून ये. तुज्या आईच्या हाताला लागू दिऊ नगंस म्हंजे झालं."

त्यांच्या कोपऱ्यालाही चरच लागणार होता. उन्हाळ्यात वडील सुट्टी काढून आले आणि चौघांनी मिळून तो खणला.

गेल्या पावसाळ्यात मी घरी गेले तेव्हा चर वाहत होता. आईनं चराच्या तोंडाजवळ गढूळ पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकली.

"लई खारट हाय," ती म्हणाली, आणि तिथंच काठावर बसून वाहतं पाणी बघत राहिली. "निगतंय म्हंजे."

खाली चोपणात धैंचा विरळ उगवला होता, कुठं दाट, कुठं नुसती माती. आम्ही मोकळ्या जागा मोजल्या नाहीत. बियाणं थोडं उरलं होतं, ते आईनं तिथंच पुन्हा टाकलं.