वरातीत शर्यतीचा क्लच

कागलच्या अमरसिंहाला गाडी हळू चालवताना कुणी कधी बघितलेलं न्हाई. दोघांनी वापरून टाकलेली जुनी गाडी त्यानं घेतली आणि तिचा एकेक भाग बदलत गेला. सायलेन्सर असा बसवला, की गाडी गल्लीत शिरायच्या आधीच झोपलेली पोरं रडत उठायची. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात ‘नाद करायचा न्हाय’. नाद करायला बसलंय कोण म्हणा! बाकीच्यांना कामंधामं हायत.

बिद्रीच्या स्वप्नालीशी लग्न ठरलं आणि गड्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. वरात ह्याच गाडीतनं काढायची, आणि त्याआधी तिला नवा क्लच आणि फ्लायव्हील टाकायचं.

बाप हंबीरराव म्हणाला, "आरं, ट्रॅक्टर हाय की दारात. ट्रॉली सजवू झकास."

"आबा, ट्रॅक्टरातनं वरात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीमागं फिरणारं जड चाक. त्याच्या वजनामुळंच गाडी सावकाश चालतानाही दम धरते. गॅरेजवाल्या आकारामनं ते काढून हलकंफुलकं बसवलं, जोडीला शर्यतीच्या गाडीचा क्लच. "आता सुटली की गोळीच!" तो म्हणाला. हायवेवर एक चक्कर मारून दोघंही खूश. वरातीसाठी गाडी सजवणाऱ्या ह्या दोन शहाण्यांना वरात कशी चालते हेच आठवलं न्हाई. काय म्हणावं आता!

"माझ्या शिटावर दुसऱ्या कुणी बसायचं न्हाय," अमरसिंहानं सगळ्यांना बजावलं. "ह्यो क्लच दाबायला मांडीत दम लागतोय." म्हणून लग्नादिवशी नवरदेवच ड्रायव्हर. कपाळाला मुंडावळ्या, फेटा टपाला घासतोय, आणि शेजारी शालूत स्वप्नाली.

पुढं हलगी वाजायला लागली. आणि हलगी लागल्यावर आमच्याकडचा माणूस पुढं सरकतोय व्हय? मेव्हणे, भाचे, पावणं, सगळे जागेवरच पाय रोवून नाचायला लागले. अमरसिंहानं क्लचचं पेडल जरा सोडलं, तशी गाडीनं उडीच मारली आणि नाचणारा जोतीराममामा बॉनेटवर पालथा.

"आरं, जीव घेतोस व्हय रं माझा?"

पुढच्या खेपेला इंजिन बंद पडलं. चालू केलं, परत बंद. शेवटी त्यानं पेडल अर्धवट दाबून धरलं आणि गाडी इंचाइंचानं रेटायला लागला. पाय लटलट कापतोय, मुंडावळ्यांखालनं घाम गळतोय. साऱ्या गावासमोर, नव्या बायकोसमोर गाडी बंद पडली तर तोंड कुठं लपवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत हुतं.

स्वप्नालीनं पदर नाकाला लावला. "अवो, कायतरी जळतंय."

"नवा हाय. नव्याला वास येतोयच."

"नव्या वस्तूचा असा वास मी तरी कधी घेतला न्हाय, बगा."

मारुतीच्या देवळापुढं बॉनेटखालनं धूर निघाला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलंना. क्लच जळून खाक झाला हुता. हलगी थांबली. हंबीरराव खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "आणू काय ट्रॅक्टर?" त्यावर मागं सगळी वरात खिदळली. अमरसिंहाला रडू यायचंच बाकी राहिलं हुतं.

"ट्रॅक्टर न्हाय!" तो ओरडला. "ढकलूया."

"मग ढकला की," स्वप्नाली म्हणाली. "पर पुढं वळणावर गटार दिसतंय. स्टेअरिंग कुणीतरी धराया पायजे. उतरा तुमी, मी धरते."

अमरसिंहानं एकदा आपल्या शिटाकडं बघितलं आणि खाली उतरला. शालू सावरत ती त्याच्या जागेवर सरकली. त्यानं मागं जाऊन डिकीला हात लावले. ‘नाद करायचा न्हाय’ बरोबर नाकासमोर. हलगी परत सुरू झाली, आणि आता नाचणाऱ्यांना गाडीची भीतीच उरली न्हाई.

दारात आई तानाबाई भाकरतुकडा घेऊन उभी हुती. गाडीत सून एकटीच बघून ती चरकली. "आगं, पोरगं कुठाय माझं?"

स्वप्नालीनं हँडब्रेक ओढला. "मागनं येत्यात, आत्ती. आज पयल्यांदाच हळू चालल्यात."