मिठाला पडलेली मतं

ऊलजान-एजे, म्हणजे आमची ऊलजानताई, गावाच्या आरोग्य समितीची प्रमुख झाली, कारण ती सभेला उशिरा पोचली आणि तोवर बाकीच्यांनी अंग काढून घेतलं होतं. नारिन नदीच्या वरच्या खोऱ्यात उभा जन्म तिने लोकरीच्या नमद्याचे गालिचे शिवले. नवरा रक्तदाबाने गेला, तेव्हापासून दिसेल त्याच्या ताटात डोकावून "मीठ कमी घ्या" म्हणायची तिला सवयच जडली.

त्या वसंतात तालुक्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. सगळ्याच आजारांना पुरतील एवढी माणसं नाहीत, आधी कशाला हात घालायचा ते गावानेच ठरवा, म्हणाल्या. आजारांची चित्रं लावली, प्रत्येकापुढे एक वाडगा ठेवला. मत म्हणून कुरुत, वाळवलेल्या दह्याची गोळी. ऊलजान रक्तदाबासाठी तळमळून बोलली. पण बायकांच्या डोळ्यांपुढे लेकींचे सुजलेले गळे होते. गलगंडाचा वाडगा शिगोशीग भरला.

"इसाकआजोबा, तुमचं मत कुठंय?" तिने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"रक्तदाबालाच टाकणार होतो, पोरी," तो चघळत म्हणाला. "सभा फार लांबली."

ती सगळ्यांबरोबर हसली. घरी जाऊन थोडी रडलीही.

सकाळी मात्र डॉक्टरीणबाईंनी दिलेली, मिठातलं आयोडीन तपासायची बाटली घेऊन ती गावातल्या एकुलत्या एक दुकानात गेली. दुकान तिच्या व्याह्याचं, जोल्दोशचं. थेंब टाकला. मीठ निळं व्हायला हवं होतं, ते पांढरंच राहिलं.

"विहीणबाई, मीठ खाऊ नका सांगून गिऱ्हाईक पळवलंत. आता कुठलं खायचं तेही तुम्हीच सांगणार?"

"थोडंच खा, पण निळं होणारं खा. आपली नात हेच मीठ खाते ना, व्याहीबुवा?"

पुढच्या बाजाराला जोल्दोशने ती बाटली स्वतःच नेली, ठोक व्यापाऱ्यांशी भांडत पोत्यापोत्यात थेंब टाकत फिरला आणि चांगलं मीठ घेऊनच परतला. जुनं मीठ गुरांना गेलं.

आता मीठ निळं होताना बघायला दुकानात गर्दी जमते. ऊलजानने रक्तदाबाचं यंत्र तिथेच गल्ल्याशेजारी आणून ठेवलंय. गिऱ्हाईक मिठाला येतं आणि तिच्या तावडीत सापडतं.

"बाही वर कर," ती म्हणते, "आणि बोलू नकोस, आकडा चढतो."

खोऱ्यात चहात मीठ टाकायची रीत, पण जोल्दोश तेवढ्यात चहा ओततो तो बिनमिठाचा.