रेणुकाचा दम

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझी साखर किती, रक्तदाब किती, बायकोला सगळं तोंडपाठ आहे – पण हे तिलाही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे हो. तेच तर दुखणं आहे.

सांगलीत आमचा एक हौशी वाद्यवृंद आहे. बँकेतले दोघे, एक दातांचे डॉक्टर, शाळेतल्या दोन बाई – असे पंधरा-सोळा जण. शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम, वर्षातून एक मोठा कार्यक्रम. मी तबल्यावर. मूळचा रहिमतपूरचा, संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झालो. लयीला पक्का माणूस, असं सगळे म्हणतात. मास्तरांच्या ठेक्यावर घड्याळ लावावं, असंही म्हणतात. मी ऐकून घेतो.

माझी स्वतःची एक रचना होती. होती म्हणजे – अजून आहे, कपाटात. दरवर्षी मी ती पुढे करायचो आणि दरवर्षी ‘पुढच्या वेळी नक्की’ व्हायचं. बारा वर्षांपूर्वी कमिटीनं ठरवलं, यंदा फक्त पंचविशीच्या आतल्या मुलांच्या रचना, मुख्य वादनही त्यांचंच, आपण मागे साथीला बसायचं. सेक्रेटरी म्हणाले, “मास्तर, तुम्ही आमचा पाया. पाया कधी दिसतो का?” सगळे हसले. मीही हसलो.

त्या मुलांत रेणुका होती. जत तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, सांगलीत मावशीकडे राहून अकरावी शिकणारी. बासरी ती आपली आपणच शिकली होती. लय मी शिकवली. तिच्या रचनेचं नाव ‘टँकर’. आधी पाण्याची वाट बघणं, मग लांबून येणारी घरघर, मग हंड्या-कळश्यांची झुंबड. आणि शेवटी रिकामा टँकर निघून जातो – तिथं बाकीची सगळी वाद्यं थांबायची. फक्त तिची बासरी आणि माझा केरवा. एकच लांब सूर, ठेक्याची पूर्ण चार आवर्तनं, एका दमात, बारीक होत होत समेवर संपणारा. महिनाभर माझ्या पडवीत बसून तिनं तो दम माझ्या ठेक्यावर मोजून घेतला. डोळे मिटून वाजवायची. मास्तर आहेत म्हटल्यावर डोळे उघडायचे कशाला?

रचना चांगली होती. माझ्या कपाटातल्या रचनेपेक्षा – म्हणतोच आता – कितीतरी चांगली होती. मी तिला ‘ठीक आहे’ म्हणालो होतो.

पुण्याहून एक बुजुर्ग बासरीवादक पाहुणे येणार होते. मुलांतल्या एकाला, वाद्य कुठलंही असो, ते स्वतःच्या घरी ठेवून शिकवणार होते. रेणुकाच्या लग्नाची बोलणी सुरू होती. पुण्याच्या त्या वादकांनी निवडली तर लग्न थांबवतो, असा शब्द तिच्या वडिलांनी तिला दिला होता. हे मला माहीत होतं. त्या वेळी लक्षात नव्हतं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. झुंबडीच्या भागात लोक मांडीवर ताल धरायला लागले. पाहुण्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुढे वाकून ऐकू लागले. ते वाकणं मी पाहिलं. माझ्यासाठी असं कुणी कधी वाकलं होतं का?

मग शेवटचा सूर आला. बाकीचे थांबले. तिनं डोळे मिटून सूर लावला – आणि मी लय मागे ओढली, ठेका संथ केला. कणभरच. पुढच्या आवर्तनाला आणखी कणभर. असं कणाकणानं केलं की ऐकणाऱ्याला कळत नाही, त्याला वाटतं रंग भरतोय. हात चुकला असेल? तीस वर्षांचा हात असा चुकत नाही. तिसऱ्या आवर्तनाला तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मला दिसल्या. तेव्हाही लय पुन्हा जागेवर आणता आली असती. मी आणखी ओढली.

समेच्या तीन मात्रा आधी सूर फाटला. एक चिरका आवाज झाला आणि मग खोकला. मी एकटाच समेवर आलो. अगदी स्वच्छ आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कीव आली की वाजवतात तशा.

आत आल्यावर ती माझ्या पाया पडली. “मास्तर, मी तुमची सम घालवली,” म्हणाली. मला वाटलं, हिला कळलं असेल. नव्हतं कळलं. मागं तिचे वडील पटका सावरत उभे होते. “आवं गुर्जी, पोरीचं कुठं चुकलं वो?”

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? पाहुणे बाहेर चहा घेत होते, दहा पावलांवर. मी म्हणालो, “चुकलं नाही. दम कमी पडला. मुळात अंगातच नाही, त्याला मेहनत तरी काय करणार?”

“न्हाई तर न्हाई,” ते म्हणाले. “निदान तुमी खरं तरी सांगितलं.”

निवड साताऱ्याच्या एका व्हायोलिनवाल्या मुलाची झाली. त्याच उन्हाळ्यात रेणुकाचं लग्न झालं. मला पत्रिका आली, मी गेलो, जेवलोही.

गेल्या वर्षी उंब्रजच्या स्टँडवर ती भेटली. सासर तिकडचंच. तिनंच ओळखलं, चहा घ्यायला लावला. सोबत आठेक वर्षांची मुलगी होती, एक प्लास्टिकची पिपाणी तोंडातून काढायला तयार नव्हती.

“बासरी पायजे म्हून लय मागं लागलीया,” रेणुका हसत म्हणाली. “मी म्हनलं, आपल्या अंगात दम न्हाई बाई, उगं नाद करू नगं. मास्तरांनी सोता सांगितलंय. व्हय का न्हाई वो मास्तर?”

मुलगी पिपाणी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“होय,” मी म्हणालो.

तेवढ्यात बस आली, असं सांगता आलं असतं. पण बस यायला अजून वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत मी चहा तेवढा संपवला.