टेलचे गुडघे

आमच्या घरात सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजींना सगळं कन्हेरी गाव तात्या म्हणायचं. आत्याबाईंना गाव काहीच म्हणत नसे, कारण गावाचं त्यांच्याशी काम चहापुरतं होतं आणि चहा मागायला हाक लागत नाही. ओसरीवर दोन माणसं खोकली की आत आधण चढायचं.

आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. मामंजींच्या मते बाईमाणसाचे गुडघे जातातच, त्यात नवल काही नाही. पण आदल्या वर्षी अंथुर्ण्याला, म्हणजे आत्याबाईंच्या माहेरी, भावाच्या घरभरणीला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो, तेव्हा त्यांना खाली उतरता येईना. दोन बाप्यांनी बगलेत हात घालून त्यांना पोत्यासारखं उतरवलं. माहेरच्या बाया पदराआड हसल्या. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. परत येताना मला एवढंच म्हणाल्या, "भाचीच्या लग्नाला म्या येष्टीनं येनार. फाट्यावर उतरून माझ्या पायानं घरी जानार. आता पोतं व्हनार न्हाय."

लग्नाला दोन महिने उरले तेव्हा मी त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, हाडाची झीज काही भरून येणार नाही, पण विजेच्या बारीक झटक्यांनी दुखणं दबतं आणि दुखणं दबलं की चालता येतं. रोज बारामतीला येणं जमणार नसेल तर घरीच मशीन घ्या. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, खंड न पाडता. माझे यजमान पुण्याला नोकरीला होते, त्यांनी पुढच्या शनिवारी मशीन आणलं. साबणाच्या डबीएवढी पेटी, दोन वायरी, काळ्या रबराच्या चार पट्ट्या, जेलीची एक ट्यूब आणि एक चौकोनी बॅटरी. पट्टीला जेली लावायची, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना चिकटवायची आणि बटण हळूहळू फिरवायचं. मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबायचं. एवढं सोपं.

पहिले चार दिवस आत्याबाईंनी मशीन लावलं. पाचव्या दिवशी त्या दाराच्या चौकटीला हात न लावता अंगणात उतरल्या. हे मामंजींनी पाहिलं आणि तिथंच घात झाला.

मामंजींना चांगली वस्तू घरात लपवून ठेवणं पाप वाटे. विशेषतः ती दुसऱ्यासाठी आणलेली असली तर. संध्याकाळी पेटी ओसरीवर आली आणि आठवडाभरात आमच्या घराला दवाखान्याची कळा आली. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं, त्यामुळे आमच्या भावकीतले म्हातारे सांगायचे की आमचे गुडघे डोंगर चढून झिजले, म्हणून पहिला मान आमचा. ऊसवाले म्हणायचे, आम्ही चिखलात उभं राहून उसाच्या पाण्याची दारं धरली, आमचे गुडघे गारठ्यानं गेले. एकाचे गुडघे तर मोटरसायकलवर बसून निवडणुकांचा प्रचार करताना गेले होते. तो सर्वांत जास्त कण्हायचा. कोणाची झीज किती इज्जतीची यावर भांडणं जुंपायला लागली, तेव्हा मामंजींनी तोडगा काढला. त्यांची उभी हयात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवण्यात गेलेली. त्यांना एकच न्याय ठाऊक होता. ते म्हणाले, "पाळ्या लावा."

आमच्याकडचं हे पाळ्यांचं प्रकरण सांगायला हवं. कालव्याच्या वरच्या अंगाला ज्यांची शेतं ते हेडचे आणि शेवटाला असतात ते टेलचे. कागदावरचा नियम असा की पाणी आधी टेलला द्यावं. प्रत्यक्षात हेडचे लोक ऊस तट्ट फुगेपर्यंत पाजतात आणि टेलला पाण्याची बातमी तेवढी जाते. अंथुर्णे टेलच्या अंगाचं. तिथल्या माणसांना वाट बघायची सवयच असते, असं मामंजी हसून सांगायचे.

तर पाळ्यांची यादी झाली. ती लिहायला अर्थातच मला बोलावलं, कारण मी शाळेत मास्तरीण आणि माझं अक्षर गावात नावाजलेलं. मामंजी सांगत गेले, मी ठसठशीत लिहीत गेले. सकाळी कोण, दुपारी कोण, नात्यातले सांगवीचे एक पाव्हणे कोणत्या वारी. यादी खळ लावून ओसरीच्या भिंतीवर चिकटवली. बघणाऱ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग उपचार सुरू झाले. डॉक्टरांची वीस मिनिटं कुणाच्या गावीही नव्हती. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरवर ऊस भिजवणाऱ्या माणसाला मुंग्या म्हणजे अपमान. जो तो बटण शेवटपर्यंत पिळायचा, डोळे मिटून बसायचा आणि "ह्याला म्हनत्यात करंट!" म्हणायचा. सात दिवसांत जेली संपली. तेव्हा सांगवीच्या पाव्हण्यांनी खोबरेल तेल चोपडून पट्ट्या लावल्या. तेलातून वीज जाईना. त्यांनी बटण पुरं फिरवलं. तरी काही नाही. "पान्याबिगर मोटर चालती व्हय रं?" म्हणत त्यांनी तेल खसखसून पुसलं आणि बटण तसंच ठेवून तांब्यातलं पाणी पट्ट्यांवर ओतलं. पुढच्या क्षणी त्यांचा पाय असा उडाला की चहाचा ट्रे थेट तुळशीपाशी. चार कप फुटले. पाव्हणे पुरे भानावर आल्यावर म्हणाले, "लई गुन आला. उद्या परत लावू."

कप आत्याबाईंनीच गोळा केले, वाकून.

मी मधूनमधून म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही कधी लावणार?" त्या म्हणायच्या, "हू दे त्यांचं." रात्री सगळे पांगले की पेटी आत यायची, तोवर बॅटरीचा जीव गेलेला असायचा. नवी बॅटरी बारामतीहून यायची, ती सकाळी ओसरीवरच संपायची. मी चिडायची, भांडी आपटायची, नवऱ्याला पत्रातून टोमणे मारायची. मामंजींपुढे मात्र तोंड उघडलं नाही. वर रोज पंधरा-पंधरा कप चहा होत होता आणि तो आत्याबाई उभ्याने करत होत्या. दीड महिन्यात त्यांना पुन्हा दाराची चौकट धरावी लागली.

लग्नाचा दिवस उजाडला. एसटीचं नाव आत्याबाईंनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. बायका ट्रॉलीत बसल्या. अंथुर्ण्यात मांडवापुढे ट्रॉली थांबली, दोन बापे पुढे झाले आणि त्यांनी आत्याबाईंना पोत्यासारखं उतरवलं. आत्याबाई वर न बघता मांडवात शिरल्या. वरातीत बँड लागला तेव्हा सर्वांत पुढे नाचत होते सांगवीचे पाव्हणे. गुडघ्यात वाकून, टाळ्या पिटत. आमच्या भावकीतले डोंगर चढणारे म्हातारेही नाचत होते. त्या चौकोनी पेटीतली वीज मला डोळ्यांनी दिसत होती, कुणाकुणाच्या पायात गेली ती.

जेवणं झाली आणि मामंजींनी पिशवीतून पेटी काढली. त्यांनी ती सोबत आणली होती! "हितं बी गुडघे असतीलच की," असं म्हणत होते. अंथुर्ण्याचे चार म्हातारे धोतर वर करून रांगेत बसलेसुद्धा. माझ्या डोक्याची शीर उठली. मी भर मांडवात, डोक्यावरचा पदर घसरलाय याची पर्वा न करता, त्यांच्या हातातून पेटी घेतली आणि म्हणाले, "मामंजी, आज पाळी आत्याबाईंची." रांगेतल्या म्हाताऱ्यांनी धोतरं खाली केली. मामंजी माझ्याकडे बघत राहिले.

आतल्या खोलीत धान्याच्या कणगीला टेकवून मी आत्याबाईंना बसवलं. जेलीची नवी ट्यूब माझ्या पर्समध्ये होती, बॅटरीही नवी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत सारून मी पट्ट्या लावल्या आणि बटण हळूहळू फिरवलं. आत्याबाईंनी डोळे मिटले. "मुंग्या आल्या का?" "आल्या बाय." मग मात्र माझं तोंड सुटलं. पुरुषजात कशी आपमतलबी, मामंजींना कळायला नको का, बायको घरात लंगडतेय आणि हे गावाचे गुडघे सांभाळतात, असं मी बोलत सुटले. भरपूर बोलले. इतक्या दिवसांचं साठलेलं.

आत्याबाईंनी मला बोलू दिलं. एक सांगायचं राहिलं. दोन-तीन वर्षांपूर्वी गावात साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा मीच आत्याबाईंना शिकायला बसवलं होतं. त्या फक्त स्वतःचं नाव लिहायला-वाचायला शिकल्या आणि म्हणाल्या, एवढं बास झालं. दुसरं अक्षर त्यांना येत नव्हतं.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"रोज सकाळी वसरी झाडताना त्या कागदापुढं हुबी ऱ्हायाची म्या," त्या म्हणाल्या. "तू लिवलाईस म्हनून. वाटायचं, माझं नाव असंल कुठंतरी. वरपासनं खालपर्यंत बघायची. तेवढंच तर मला वाचाया येतं."