झाडून ठेवलेली बाग

काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत झाडाखाली पडलेलं एकही फळ मामाजींना खपत नसे. मामाजी म्हणजे माझे सासरे. धरमपेठेतल्या माहेरी मला अंगण झाडायचा कंटाळा, आणि इथे हा माणूस रोज खराटा घेऊन शेत झाडायचा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी मनातल्या मनात चडफडण्यात घालवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मृगाचा बहार तोडणीला आला होता आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गारपीट झाली. बाहेर येऊन पाहतो तर झाडं रिकामी आणि खाली संत्र्यांचा खच. कुणी रडलं नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

कोतवाल सांगून गेला, पटवारी येऊन नुकसानीचा पंचनामा करेल, मग सरकारची मदत मिळेल. आमच्या डोक्यात एकच होतं, विहीर. तिचा तळ दिसू लागला होता. मदत आली तर ती खोल करता येणार होती, नाहीतर उन्हाळ्यात झाडं जगणार नव्हती.

पटवारी काही लवकर येईना. फळं सडली, माश्या घोंगावू लागल्या. शेवटी निरोप आला की उद्या येतो. झालं, मामाजींनी घरातल्या सगळ्यांना बागेत जुंपलं.

नवरा म्हणाला, "बाबा, राहू द्या ना तसंच. त्याले पाहू द्या."

"सरकारचा माणूस दारी येऊन राहिला, अन् त्याले असा उकिरडा दाखवू काय? झाडं रिकामी हायेत, दिसते त्याले."

त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. टोपल्या भरभरून फळं खड्ड्यात पुरली, मोडक्या फांद्या बांधावर नेऊन जाळल्या, झाडाझाडाखाली खराटा फिरवला. लग्नघरासारखी बाग दिसू लागली. माझी कंबर मोडून गेली होती.

पटवारी आला आणि खूश झाला. "पाटील, बाग मस्त ठेवली जी." मग कागद काढून त्याने विचारलं, "पडलेला माल कुठं हाये?"

मामाजींनी ऐटीत खड्डा दाखवला. उकरून पाहिला तर आत नुसता लगदा.

"याले काय लिहू जी मी? झाडं रिकामी हायेत, कबूल. पण तुम्ही माल तोडून बाजारात नेला नाही, हे मले कसं समजन?"

मामाजींचं तोंड एवढंसं झालं. तरी त्याला चहा पाजून शेताच्या धुऱ्यापर्यंत पोचवायला गेले. पटवाऱ्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि या गोष्टीचाच जास्त राग येतो.

शेजारचा शेतकरी मुलखाचा आळशी. त्याने एकाही फळाला हात लावला नव्हता, त्याला मदत मिळाली. आमची विहीर आटली. अर्धी बाग वाळली, ती तोडून सरपणाला लावली. त्यावर वर्षभर स्वयंपाक केला मी. मामाजी जेवायला बसत, पण चुलीकडे बघत नसत.

काही वर्षांनी उरलेल्या झाडांवर पुन्हा गारा पडल्या. या खेपेला कुणी काही उचललं नाही. कुणी मामाजींना बजावलंही नव्हतं. पटवारी येईपर्यंत मामाजी बागेकडे पाठ करून खाटेवर बसून राहिले, वास आला की नाकाला दुपट्टा लावायचे. धड जेवतही नव्हते. अखेर पटवारी आला, नाक दाबून बागभर फिरला आणि सगळं नुकसान लिहून घेऊन गेला. या वेळी मदत मिळणार होती. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

मी चहाची भांडी उचलत होते. मामाजी दारात येऊन उभे राहिले, हातात खराटा.

"सूनबाई, आता झाडलं तं चालन काय वं?"

जन्मात कुणाला विचारून काही न केलेला माणूस. त्याच्यावर ही पाळी यावी याचं मला फार वाईट वाटलं. भांडी तिथेच ठेवली आणि कोपऱ्यातला दुसरा खराटा घेऊन त्यांच्या मागे निघाले.