मंचावर राहिलेली रोपं

आमच्या विद्यापीठात हल्ली पाहुण्यांना पुष्पगुच्छ देत नाहीत, कुंडीतलं रोप देतात. परवा हवामानबदलावरचं चर्चासत्र संपलं आणि राहिलेला चष्मा घ्यायला मी सभागृहात परतलो, तर सातही रोपं मंचावर तशीच होती. पाहुणे जेवायला गेले होते. सभागृह झाडणाऱ्या कमलमावशी पाहुण्यांच्या बाटल्यांत उरलेलं पाणी एकेका कुंडीत ओतत होत्या. रिकाम्या खुर्च्यांसाठी एसी चालूच होता.

"दर वेळी राहतात, सर," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेची जिन्याखाली वाळली. तुम्ही तरी एक न्या."

"आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही हो, मावशी."

सकाळी याच मंचावरून मी विद्यार्थ्यांना पृथ्वी वाचवायला सांगितलं होतं. आम्ही खरं शिकवतो ते वेगळंच: रोप हातात घ्यायचं, फोटोपुरतं हसायचं आणि खाली ठेवून जेवायला जायचं. पोरं हुशार आहेत, बघून बघून शिकतात.

मावशींनी पुढची बाटली उघडली.

विभागात येऊन मी चष्मा लावला आणि चर्चासत्राचा अहवाल पुरा केला. शेवटचं वाक्य लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही: 'या प्रसंगी सात वृक्षांचे वाटप करण्यात आले.'