तिसरा सेन्सर

परंदवडीजवळच्या एका गुलाबाच्या पॉलिहाऊससाठी मी तापमान नोंदवणारा प्रोग्राम लिहिला होता. आत आठ सेन्सर होते. त्यांच्यासाठी मी स्वतःचा ऑब्जेक्ट बनवला आणि तो हुबेहूब अ‍ॅरेसारखा, म्हणजे आकड्यांच्या साध्या यादीसारखा, वागेल असं केलं. चौकोनी कंसात क्रमांक लिहिला की त्या सेन्सरचा आकडा यायचा, लांबी विचारली की आठ. वापरणाऱ्याला फरक कळणार नाही, याचा मला अभिमानच होता.

महिन्याभरात विचित्र इशारे यायला लागले. ‘तापमान तीसच्या वर’ आणि शेजारी आकडा २९.६. दर वेळी तिसराच सेन्सर. कोड मी पुन्हापुन्हा वाचला. अ‍ॅरेमधला आकडा दोन ओळींच्या मध्ये आपोआप बदलत नाही. म्हणजे सेन्सरशीच कुणीतरी खेळत असणार, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

तिसऱ्या सेन्सरजवळच्या वाफ्यावर गावातल्या एक मावशी फुलं कापायच्या. मी वडगावहून दोन दिवस तिथं जाऊन बसले. लॅपटॉप उघडा ठेवून, मधूनमधून नोंद घेण्याचं बटण दाबत त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्या पाण्याचा पाइप उचलायच्या तेव्हा तर जास्तच. सेन्सरच्या डबीवर मी पेन्सिलीनं बारीक खूणही केली. खूण जराही हलली नाही, तरी संशय जाईना. शेवटी विचारलंच.

“मावशी, या डबीला तुम्ही हात लावता का?”

“न्हाई. मी कशाला लावू?” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमी तितं बटन दाबलं की हिचा दिवा लागतो, तेवडं दिसतं. बाकीच्यांचा एकदा लागतो, हिचा कदी कदी दोनदा.”

मी बटण दाबलं. दिवा खरंच दोनदा लागला.

तेव्हा उमगलं. माझा ऑब्जेक्ट आकडा साठवतच नव्हता. दर वेळी कंस दिसला की तो नव्यानं सेन्सरला विचारायचा, आणि विचारलं की डबीवरचा दिवा लागायचा. तीसच्या वर आहे का, हे तपासताना एकदा आणि इशारा लिहिताना पुन्हा. तिसरा सेन्सर पत्र्याच्या दाराजवळ होता, तिथला आकडा तीसच्या आसपास सतत खालीवर व्हायचा; तपासताना तीसच्या वर, इशारा लिहीपर्यंत २९.६. मी तिथंच बसून बदल केला: एकदाच वाचायचं, जपून ठेवायचं, तेच वापरायचं.

“चूक माझीच होती, मावशी.”

“व्हय का? मग आदी मला का इचारलंत?”

“तुम्ही इथं होतात म्हणून.”

“मी तर रोजच हितं असते,” म्हणून त्या पुढच्या रांगेकडे वळल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी परत बोलल्या नाहीत.